ऑगस्टला सात

सूर्यमाळ, ता. मोखाडा
१५ जून २००३

प्रिय फरजाना,

शाळा उघडली. मार्चमध्ये कुणा दानशूर माणसाने आमच्या आश्रमशाळेला एक कॉम्प्युटर दिला होता, तो सुट्टीभर चादरीखाली होता. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. का, तर सगळ्या स्टाफमध्ये जव्हारला कोर्स केलेली मीच एकटी. त्या कोर्समध्ये आपण दोघींनी काय दिवे लावले ते तुला माहीत आहे. तू शिकलीस आणि मी तुझ्या वहीतून उतरवलं. आता तू ठाण्याच्या कंपनीत वेबसाइटी बनवतेस आणि मी चादर झटकते.

तर मला शिकव. इथे इंटरनेट नाही आणि फोन पावसाळ्यात मेलेलाच असतो, म्हणून पत्राने शिकव. तू एकदा मला एक पान दाखवलं होतंस, उघडलं की त्यावर आजची तारीख आपोआप यायची. तेवढं मुलांना दाखवता आलं तरी मुख्याध्यापकांपुढे माझी अब्रू राहील.

हर्षाली आता रांगते. उंबरठा ओलांडते आणि मागे वळून बघते, कुणी ओरडतंय का. कुणी ओरडलं नाही तर स्वतःच ओरडते. उमेश म्हणतो, आईवर गेली. सासूबाई तिला अजूनही हर्षाली म्हणत नाहीत, त्यांचं त्यांचं नाव वेगळं आहे.

नवेदभाईंना नमस्कार.

तुझी
ममता


मुंब्रा
२९ जून २००३

प्रिय मास्तरीणबाई,

शेवटी आलीस ना माझ्या वहीकडेच. बरं, ऐक. जावास्क्रिप्टला काही विकत आणावं लागत नाही. तुझ्या मशीनमध्ये नोटपॅड आहे, ब्राउझर आहे, झालं. नोटपॅडमध्ये लिहायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं, इंटरनेट नसलं तरी चालतं.

सोबत फ्लॉपी आहे. पुठ्ठ्यात घातली आहे, तरी पोस्टमन वाकवणार. तिच्यात एक पान केलंय, तुझ्या पोरीसाठी. उघडलंस की वरती आजची तारीख दिसेल, खाली ती किती महिन्यांची झाली आणि कुठल्या वारी जन्मली ते. मराठी अक्षरांचा फॉन्ट तुझ्याकडे नसेल म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. यातल्या तीन ओळी नीट बघ:

var naav = "Harshali";
var janma = new Date( );
var aaj = new Date( );

पहिली ओळ स्ट्रिंग. स्ट्रिंग म्हणजे अवतरणात ठेवलेला मजकूर. त्यात काय लिहिलंय याच्याशी मशीनला काही देणंघेणं नाही, जसंच्या तसं ठेवतं. खालच्या दोन ओळी तारखा. जन्माच्या ओळीतला कंस मी रिकामा ठेवलाय, तो तू भर, आधी साल, मग महिना, मग तारीख. आजच्या ओळीतला कंस मात्र रिकामाच राहू दे. रिकामा कंस दिसला की मशीन स्वतःच्या घड्याळाकडे बघतं आणि आत्ताची वेळ घेतं. म्हणून हे पान रोज नवं होतं. तू हात लावला नाहीस तरी पोरीचं वय वाढत जाईल.

आणखी एक गंमत घातली आहे, ती सांगत नाही. ऑगस्टमध्ये कळेल.

अब्बांनी जव्हारच्या शिवणाच्या दुकानात नवीन मशीन घेतलं, पिको-फॉलचं. मुंब्र्याला उकाड्याने जीव जातोय आणि सासूबाईंना पंख्याचा वारा बाधतो. तू तिकडे धुक्यात बसून मजा कर.

तुझी
फरजाना


सूर्यमाळ
१३ जुलै २००३

प्रिय फरजाना,

फ्लॉपी वाकली नव्हती. पान चाललं. सगळा वर्ग खिडकीत लटकून बघत होता. पण तुझं मशीन खोटं बोलतं. मी जन्माच्या कंसात २००२, ८, २३ घातलं आणि ते म्हणतं सोमवार.

ती शुक्रवारची आहे, फरजाना. याबद्दल आमच्या घरात कुणाची चूक होणं शक्य नाही. इथल्या पाड्यांवर मूल ज्या वारी येतं त्या वाराचं नाव घेऊन येतं. सोमवारची सोमी, बुधवारची बुधी. बाळंतपणाला सासूबाई स्वतः होत्या, नाळ कापायच्या आधीच त्या म्हणाल्या, "सुकरवारची पोर, नाव सुकरीच ठेवायचा." मी बारशाला हर्षाली ठेवलं, पेढे वाटले. ते नाव अंगणवाडीत आहे आणि तुझ्या फ्लॉपीत आहे. घरात सगळे सुकरी म्हणतात. आता मीही म्हणते, कारण हर्षाली म्हटलं तर ती बघतच नाही. तेव्हा अवतरणातलं नाव मी बदललं आहे. पण तुझ्या पानाने तिची सोमी केली हे सासूबाईंना सांगितलं तर त्या कॉम्प्युटरला पुन्हा चादर घालतील.

वर्गातल्या मुलांच्याही तारखा घालून बघितल्या. इथे आईबापांना तारीख ठाऊक नसते, म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांची एकाच सालची १ जून लिहितात. त्यामुळे अख्खा वर्ग एका वारी जन्मला. फागू फाल्गुनात झाला म्हणून फागू, शाळेच्या कागदावर तोही जूनचाच. तो मला म्हणाला, बाई, मशीनला सांगा मी होळीचा. मी म्हटलं, आधी मला सांगता आलं पाहिजे.

सुकरीला दोन दात आले. मला चावून दाखवले.

तुझी
ममता


मुंब्रा
२७ जुलै २००३

प्रिय सुकरीच्या आई,

मशीन खोटं बोलत नाही, तूच त्याला सप्टेंबर सांगितलास. ही चूक सगळे करतात, आमचे साहेबही करतात. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारीला शून्य, फेब्रुवारीला एक. ऑगस्टला आठ नाही, सात. वारही शून्यापासून, रविवार शून्य. तारीख तेवढी आपल्यासारखी एकपासून. असं का, ते मला विचारू नकोस. मी विचारलं होतं, कंपनीत सगळे हसले.

आठाच्या जागी सात कर, तुझी सुकरी शुक्रवारची होईल. आणि एक महिन्याने मोठीही होईल, फुकटात.

फागूला सांग, मी त्याच्या बाजूने आहे.

वाढदिवस जवळ आला. मी अब्बांना फोन करून फ्रॉक शिवायला सांगितलाय. त्यांनी मला दहा प्रश्न विचारले, बाही फुग्याची की साधी, घेर किती, मागे बटण की नाडी. उमेशभाऊजी शाळेचे गणवेश न्यायला जव्हारला येतात ना दुकानात, तेव्हा घेऊन जातील. रंग सांगत नाही. मला पत्रात लिही, तिने ओढून फाडला की तोंडात घातला.

तुझी
फरजाना


सूर्यमाळ
२१ सप्टेंबर २००३

प्रिय फरजाना,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायचं राहिलं. पाऊस होता.

आठाचं सात केलं. शुक्रवार आला.

तुझी गंमतही कळली. २३ ऑगस्टला शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर मी खोली उघडली आणि पान लावलं. तारखेच्या खाली मोठ्या अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, रंग बदलत होते. तू घातलेली अट बरोबर चालली. मी वीज जाईपर्यंत बघत होते.

पाळण्याची दोरी सोडवली. शाळेत तांदळाच्या गोणी उंदरांपासून वर टांगायच्या होत्या, दोरी चांगली होती म्हणून दिली.

मुलांना स्ट्रिंग शिकवते आहे. एक शंका आहे. मी तारीख अवतरणात लिहिली, "23/8/2002", आणि तिच्यात एक मिळवला. मला वाटलं दुसऱ्या दिवशीची तारीख येईल, पण शेवटी नुसता एक चिकटला. असं का होतं?

मुलांच्या फाइली फ्लॉपीवर पाठवते. तपासून दे. घाई नाही.

ममता


मुंब्रा
५ ऑक्टोबर २००३

प्रिय ममता,

दोन महिन्यांनी पत्र आणि ते एवढंसं? वाढदिवसाला काय केलंत, कोण आलं, पोर चालायला लागली का, काहीच नाही. पाऊस होता म्हणे. सूर्यमाळला पाऊस कधी नसतो? माझ्यावर रागावली असलीस तर तसं लिही, मी लगेच माफी मागते, नंतर कारण विचारते.

शंकेचं उत्तर. अवतरणात घातलीस की ती तारीख राहत नाही, अक्षरं होतात. अक्षरांत एक मिळवलास तर तो शेपटीला चिकटतो, कारण मशीनला कळतच नाही की तो दिवस आहे. पुढे जाणं, मागे येणं, एकातून दुसरं वजा करणं हे खऱ्या तारखेलाच जमतं. अवतरणातली तारीख जिथे आहे तिथेच.

मुलांच्या फाइली छान आहेत. फागूने स्वतःच्या नावातली अक्षरं उलटी छापली आहेत, त्याला शाबासकी दे. पण एक गोष्ट सांगते, तुझ्या मशीनची तारीख कुणीतरी बिघडवली आहे. सगळ्या फाइली ११ ऑगस्टच्या दिसतात. आतला सेल गेला असता तर कुठलं तरी जुनंपुराणं साल आलं असतं, म्हणजे सेल ठीक आहे. पोरं खेळत असणार. खाली कोपऱ्यात घड्याळ आहे, त्याच्यावर दोनदा दाबलं की तारीख हलवता येते, तेवढं बरोबर शोधून काढतात. जरा दरडाव.

भाऊजी अजून दुकानात आले नाहीत म्हणून अब्बा सांगत होते. फ्रॉक घडी करून ठेवलाय. गणवेश आता तयार झालेत, दिवाळीच्या सुट्टीआधी न्यायला सांग. फ्रॉक थोडा मोठाच शिवलाय, बसेल अजून.

माझ्या सुकरीला पापा.

तुझी
फरजाना


सूर्यमाळ
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय फरजाना,

मी रागावलेली नाही. मला राग येत नाही. काहीच फारसं येत नाही. जेवते, शिकवते, झोप लागते. सासूबाई म्हणतात, तू दगड झालीस.

मुलांनी तारीख बिघडवली नाही. मी बदलते. रोज शाळा सुटली की खोली उघडते, घड्याळ ११ ऑगस्टवर नेते आणि पान लावते. आज ११ ऑगस्ट, सुकरी अकरा महिन्यांची, असं येतं. थोडा वेळ बसते. जाताना घड्याळ पुन्हा पुढे आणायचं कधी लक्षात राहतं, कधी नाही. मग दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये १२ ऑगस्ट असतो. तो मला चालत नाही, सकाळीच पुन्हा ११ करते.

मुख्याध्यापकांनी विचारलं, पोषण आहाराच्या अहवालावर ऑगस्ट कसा छापला. मी म्हटलं, बघते.

म्हणून विचारायचं होतं. मशीनचं घड्याळ न हलवता फक्त ते एक पान थांबवता येईल का? बाकी सगळं पुढे जाऊ दे. पान त्या दिवसावर राहिलं पाहिजे. तू म्हणाली होतीस की हात लावला नाही तरी वय वाढत जातं. ते थांबवायचं कसं, एवढंच लिही.

उमेश उद्या गणवेश आणायला जव्हारला जाणार आहे.

ममता


मुंब्रा
९ नोव्हेंबर २००३

ममता,

तिसऱ्या ओळीतला रिकामा कंस भरायचा. रिकामा असला की मशीन घड्याळ बघतं. त्यात तारीख लिहिलीस की ते घड्याळाकडे बघत नाही. अशी लिही:

var aaj = new Date(2003, 7, 11);

ऑगस्टला सात.

सेव्ह केलंस की पान तिथेच राहील. कधीही उघड, कुणीही उघडो.

रोजे चालू आहेत. मी नमाजात तुझं नाव घेते.

फरजाना


सूर्यमाळ
२१ नोव्हेंबर २००३

प्रिय फरजाना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात एकही प्रश्न नाही. आपल्याला सातवीत एका बाकावर बसवलं तेव्हापासून तू मला काही न विचारता कधी काही दिलेलं नाहीस. खोडरबर मागितलं तरी काय खोडायचंय ते विचारायचीस. पान का थांबवायचं, हे तू विचारलं नाहीस. पापा पाठवला नाहीस. तेव्हा मला कळलं की तुला कळलंय.

उमेश जव्हारहून गणवेशाचे गठ्ठे घेऊन आला होता. फ्रॉकचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. त्याने अब्बांना सांगितलं असणार आणि अब्बांनी तुला.

आता मी सांगते. माझ्या तोंडून कुणालाच सांगून झालेलं नाही. इथे सगळ्यांना माहीतच होतं, सांगायची वेळ आली नाही.

तिला दोन दिवस ताप होता. ११ तारखेला संध्याकाळी उतरला. पेज खाल्ली, उमेशची शाळेतली शिट्टी हिसकावून तोंडात घातली, वाजली नाही म्हणून रागावली. आम्ही हसलो. १२ ला सकाळी ताप पुन्हा चढला. उमेशने तिला पोटाशी धरलं, वरून सासूबाईंनी पावसाचं इरलं घातलं, आम्ही खोडाळ्याच्या वाटेला लागलो. धुकं होतं. पुढे गाडी मिळाली, गाडीवाला बिचारा जोरात नेत होता. पण ती गाडीत बसायच्या आधीच गेली होती. मला कळलं होतं. उमेशला दवाखान्यात कळलं. मी त्याला वाटेत सांगितलं नाही, तेवढा वेळ त्याच्यापाशी ती राहिली. कुणाचं काही चुकलं नाही.

सासूबाई रडल्या, उमेश अजून रडतो. मी त्या दिवशी घरी आल्यावर इरलं धुऊन उभं करून ठेवलं आणि तिचे कपडे वाळत घातले. पावसात काय वाळणार.

तुला लिहिलं नाही, त्याचं कारण ऐक. इथे माणसं मला बघून आवाज खाली करायची. तुझ्या पत्रांत मात्र ती होती. चालायला लागली का, फ्रॉक बसेल का, फाडला की तोंडात घातला. साऱ्या जगात तू एकटीच अशी होतीस जिला माहीत नव्हतं. म्हणून मी स्ट्रिंगबद्दल विचारत राहिले. तुला सांगितलं असतं तर तिथूनही ती गेली असती.

तुझी ओळ मी लिहिली. पान थांबलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर ११ ऑगस्ट, तिसऱ्या दिवशी ११ ऑगस्ट. घड्याळाला हात लावावा लागला नाही. मला वाटलं होतं की बरं वाटेल. आठवडाभर बघितलं. मग जाणवलं की त्या दिवशी संध्याकाळी ती एवढी हसली आणि ह्या पानावर ती रोज नुसती अकरा महिन्यांची आहे. तिच्यातलं फक्त तेवढंच मी रोज बघत बसले होते.

मग काल पुसलं. आजची ओळ पुसली, जन्माची पुसली, खालची वजाबाकी, शुभेच्छांची अट, सगळं. नावाची ओळ तेवढी ठेवली. तूच लिहिलं होतंस की अवतरणात आहे ते मशीन जसंच्या तसं ठेवतं, त्यातून काही वजा होत नाही. आता पान उघडलं की Sukri एवढंच येतं. हर्षाली मी हौसेने ठेवलं होतं, पण सासूबाईंचंच बरोबर होतं. ती आली तो वार तिच्या नावात आहे, त्याला कंस लागत नाही.

पुसून झाल्यावर मी खोलीतच रडले. फागू दारात वाट बघत होता, त्याला त्याचं उलटं नाव पुन्हा छापायचं होतं. तो दार लावून घेऊन बाहेर बसला. नंतर मी त्याला हाक मारली.

दुकानातला फ्रॉक अब्बांनी कुणाला दिला नसेल तर पाठव. तू रंग सांगितला नव्हतास. मला बघायचा आहे.

आता तू विचार, काय विचारायचं ते. मी सांगेन.

आज शुक्रवार. कॉम्प्युटरवरही शुक्रवारच आहे.

तुझी
ममता